तक्रार कोणाकडे करायची?
(यॉर्कशायर क्रिकेट क्लबातील वर्णद्वेषाच्या प्रकरणाचा अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

प्रास्ताविक

वर्णद्वेष हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिकेतील जुनी गोरी राजवट उभी राहते; किंवा १९५५ साली बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या अमेरिकेतील रोझा पार्क्स आठवतात. तेथे अन्याय करणारे सरकार होते, अन्याय्य कायदा होता, आणि म्हणून लढाही सरकारशी व कायद्याशी झाला. परंतु माणसाचे बहुतेक आयुष्य सरकारी कचेरीत जात नाही. ते तालीम, क्रीडामंडळ, भजनी मंडळ, पतपेढी, वसतिगृह, जिमखाना अशा ठिकाणी जाते. या संस्था कोणी वरून लादलेल्या नसतात. चार माणसे एकत्र येतात, वर्गणी काढतात, अध्यक्ष-चिटणीस नेमतात आणि संस्था उभी राहते. अशा आपल्याच माणसांच्या संस्थेत कोणाला त्याच्या वंशावरून, रंगावरून किंवा जन्मावरून कमी लेखले गेले, तर त्याने तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्याकडे करायची तो बहुधा ज्याच्याविरुद्ध करायची त्याचा शेजारी किंवा मित्र असतो.

राज्यशास्त्राच्या तासाला ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वे’ शिकत असताना हा प्रश्न माझ्या मनात आला. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश असू नये, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, ही ती दोन तत्त्वे. वर्गात ती सोपी वाटतात. प्रत्यक्ष संस्थेत त्यांचे काय होते हे पाहण्यासाठी मी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याच्या क्रिकेट क्लबाचे प्रकरण अभ्यासासाठी निवडले. क्रिकेट आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे हे एक कारण. दुसरे असे की, या एकाच प्रकरणात तक्रार हाताळण्याच्या बहुतेक चुका, आणि काही चांगल्या गोष्टीही, पाहावयास मिळतात.

क्लबाच्या दाराशी थांबलेला कायदा

प्रकरणाकडे वळण्यापूर्वी इंग्लंडमधील कायद्याचा थोडा मागोवा घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, भारत व पाकिस्तान या देशांतून पुष्कळ माणसे कामासाठी इंग्लंडात गेली. त्यांना खानावळीत, भाड्याच्या घरात, कारखान्यात जो भेदभाव सोसावा लागला त्यावर उपाय म्हणून १९६५ साली पहिला वंशसंबंध कायदा झाला. तो सार्वजनिक जागांपुरता होता. १९६८ च्या कायद्याने नोकरी, घरे व लोकांना पुरविल्या जाणाऱ्या सेवा यांचा त्यात समावेश केला.

मग प्रश्न आला क्लबांचा. लंडनच्या पूर्व भागातील ईस्ट हॅम येथे एका राजकीय पक्षाशी जोडलेला क्लब होता. त्या पक्षाचा सभासद असलेल्या एका भारतीय गृहस्थाने क्लबाचे सभासदत्व मागितले आणि ते नाकारण्यात आले. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १९७३ साली निकाल लागला तो क्लबाच्या बाजूने. क्लब आपले सभासद खरोखर पारखून घेत असेल तर ती खासगी बाब आहे, तेथे ‘जनते’चा संबंध येत नाही, असे न्यायमूर्तींनी ठरविले. याचा अर्थ असा झाला की, रस्त्यावरच्या दुकानदाराला जे करता येत नव्हते ते क्लबाच्या कार्यकारिणीला करता येत होते. ही त्रुटी १९७६ च्या कायद्याने दूर झाली. पंचवीस किंवा त्याहून अधिक सभासद असलेल्या संस्थांना वंशावरून सभासदत्व नाकारण्यास त्याने बंदी केली. पुढे २०१० च्या समता कायद्यात हे सारे कायदे एकत्र करण्यात आले.

कायद्याने दार उघडले खरे, पण आत गेल्यावर माणसाला कसे वागविले जाते हा प्रश्न राहिलाच. त्याबाबतीत १९९९ चा मॅकफर्सन अहवाल महत्त्वाचा आहे. १९९३ साली दक्षिण लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी त्याचा तपास अत्यंत ढिसाळपणे केला. त्याची चौकशी करताना सर विल्यम मॅकफर्सन यांनी दोन विचार मांडले. पहिला असा की, एखादी घटना वर्णद्वेषाची आहे असे ती सोसणाऱ्याला किंवा पाहणाऱ्या कोणालाही वाटले, तर ती तशीच म्हणून नोंदवून घ्यावी. यात आरोपीला लगेच दोषी ठरविण्याचा हेतू नाही. नोंद करण्याआधीच तक्रार मोडीत काढू नये एवढाच हेतू आहे. दुसरा विचार ‘संस्थात्मक वर्णद्वेषा’चा. एकही माणूस उघड द्वेष करीत नसेल, तरीही संस्थेच्या रूढ पद्धती, बेफिकिरी आणि अज्ञान यांमुळे काही लोकांवर सतत अन्याय होऊ शकतो, हा तो विचार.

यॉर्कशायरचा क्लब

यॉर्कशायर क्रिकेट क्लब १८६३ साली स्थापन झाला. त्याचे लीड्स येथील हेडिंग्ले मैदान प्रसिद्ध आहे. हा क्लब सभासदांच्या मालकीचा आहे. सभासद वर्गणी भरतात, वार्षिक सभेला येतात, मत देतात. आपल्या सहकारी संस्थेसारखाच प्रकार म्हणावयास हरकत नाही. या क्लबाची एक जुनी प्रथा होती. जो यॉर्कशायरच्या मातीत जन्मला त्यानेच क्लबाकडून खेळावे. लोकांना या प्रथेचा अभिमान होता. १९९२ साली ती मोडून क्लबाने पहिला परदेशी खेळाडू घेतला. तो होता आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर. त्या वेळी त्याचे वय एकोणीस होते. आज मीही एकोणीस वर्षांचा आहे, त्यामुळे ही नोंद वाचताना मला वेगळाच आनंद झाला.

परंतु सचिन पाहुणा होता. ब्रॅडफर्ड, लीड्स, बार्न्सली या गावांत भारतीय व पाकिस्तानी वंशाची हजारो मुले रस्त्यावर, बागेत क्रिकेट खेळत होती. तेथेच जन्मलेला आशियाई वंशाचा पहिला खेळाडू, अजमल शहजाद, यॉर्कशायरकडून खेळला तो २००४ साली. क्लबाचे वय तेव्हा १४१ वर्षे होते.

अझीम रफीक यांचा जन्म १९९१ साली कराचीत झाला. दहा वर्षांचे असताना ते कुटुंबासह बार्न्सलीला आले. ते इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे कर्णधार झाले आणि २०१२ साली त्यांनी यॉर्कशायरचेही नेतृत्व केले. यॉर्कशायरचे कर्णधारपद भूषविणारे ते आशियाई वंशाचे पहिले खेळाडू आणि वयाने सर्वांत लहान कर्णधार. २०१८ साली त्यांचा क्लबाशी संबंध संपला. क्लबात आपल्याला वंशावरून हिणविले जाते हे आपण क्लब सोडण्यापूर्वीच वरिष्ठांना सांगितले होते, पण त्याची दखल घेतली गेली नाही, असे रफीक यांचे म्हणणे आहे. अखेर ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी ते वृत्तपत्रीय मुलाखतींतून जाहीरपणे सांगितले. त्या काळात आत्महत्येचे विचार मनात येत होते, हेही त्यांनी सांगितले.

तक्रारीचा प्रवास

यानंतर घडलेल्या घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये क्लबाने एका वकिली संस्थेकडे चौकशी सोपविली. क्लबाचे अध्यक्ष पूर्वी त्याच वकिली संस्थेत काम करीत होते, हे पुढे टीकेचे कारण झाले. अहवाल क्लबाच्या हाती आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने. सप्टेंबरात त्याचा केवळ सारांश प्रसिद्ध झाला. ४३ आरोपांपैकी ७ मान्य झाले होते, आणि रफीक वांशिक छळाचे व दमदाटीचे बळी ठरले हे क्लबाने कबूल केले. त्यानंतर २८ ऑक्टोबर २०२१ रोजी क्लबाने जाहीर केले की, कोणाही कर्मचाऱ्यावर, खेळाडूवर वा अधिकाऱ्यावर कारवाई करण्याची गरज नाही.

छळ झाला, पण छळ करणारा कोणी नाही! हा निष्कर्ष कोणाच्याही गळी उतरणारा नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकामागून एक प्रायोजकांनी क्लबाशी संबंध तोडले. ४ नोव्हेंबरला इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने हेडिंग्लेवरील आंतरराष्ट्रीय सामने काढून घेतले. ५ तारखेला अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी लॉर्ड कमलेश पटेल आले. १६ नोव्हेंबरला रफीक यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. ती दूरदर्शनवरून जगभर पाहिली गेली.

तक्रार संस्थेच्या आत वेळेवर ऐकली गेली असती तर ती संसदेपर्यंत गेली नसती, असे मला वाटते. या अनुभवातून निघणारे मुद्दे पुढे एकेक करून मांडतो.

पहिला मुद्दा : ‘गंमत’ हा बचाव

क्लबाच्या चौकशी अहवालातील जो भाग १ नोव्हेंबरला वृत्तमाध्यमांतून बाहेर आला, त्याने लोक सर्वांत अधिक संतापले. पाकिस्तानी लोकांसाठी इंग्लंडात वापरली जाणारी एक घाणेरडी शिवी रफीक यांच्या संदर्भात वापरली गेली होती, हे अहवालाने मान्य केले होते. परंतु ती मैत्रीच्या थट्टामस्करीत वापरली गेली असा त्याचा अर्थ लावला होता.

थट्टेचा हा बचाव नीट तपासला पाहिजे. थट्टा दोन्हीकडून सारखी चालते तेव्हा ती थट्टा असते. संघात अकरा जण एका बाजूला आणि एक जण दुसऱ्या बाजूला असेल, संघात राहणे न राहणे त्या अकरांच्या हाती असेल, तर तो एकटा हसतो ते गंमत वाटते म्हणून की भीती वाटते म्हणून, हे कसे ठरवायचे? रफीक यांनी संसदीय समितीला सांगितलेली आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. आपला चेतेश्वर पुजारा यॉर्कशायरकडून खेळावयास गेला तेव्हा त्याला तेथे ‘स्टीव्ह’ म्हणत. उच्चार अवघड जातो म्हणून. ज्याच्या बॅटने मोठमोठे गोलंदाज दमविले त्याचे नाव उच्चारण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

नावाचा मुद्दा मला बारीक वाटत नाही. आमच्या तालुक्यातील एका क्रीडामंडळाकडून मी चार वर्षे कबड्डी खेळलो. तेथे मला माझ्या नावाने हाक पडत नसे. जातीच्या नावाने पडे, आणि तीही मैदानात, प्रेक्षकांसमोर. एकदा मी अध्यक्षांना हे सांगितले. ते म्हणाले, “अरे बाळ, पोरं प्रेमानं म्हणतात ती. मनावर नको घेऊस.” घरी सांगितले तर वडील म्हणाले, “खेळाय मिळतंय न्हवं? मग गप ऱ्हा.” वडिलांचा राग मला येत नाही. त्यांच्या पिढीला खेळायलाही मिळाले नव्हते. पण अध्यक्षांचे वाक्य आणि यॉर्कशायरच्या अहवालातील वाक्य शेजारी ठेवले, तर मधल्या सात हजार किलोमीटरांचा काही फरक जाणवत नाही. दोन्हीकडे बोलणाऱ्याचा हेतू विचारात घेतला गेला. ऐकणाऱ्याला काय झाले हे कोणी विचारले नाही.

दुसरा मुद्दा : चौकशी कोणी करावी?

यॉर्कशायरने चौकशी बाहेरच्यांकडे दिली होती, मग चूक कोठे झाली? एक तर, चौकशी करणाऱ्यांचा अध्यक्षांशी जुना संबंध होता. तो संबंध निर्दोष असेलही. परंतु न्याय होणे जसे आवश्यक तसे तो होताना दिसणेही आवश्यक. तक्रारदाराला पहिल्या दिवसापासून शंका राहिली तर पुढच्या निष्कर्षावर त्याचा विश्वास कसा बसेल?

दुसरे असे की, चौकशी बाहेरच्यांनी केली तरी निर्णय आतल्यांच्याच हाती राहिला. माजी अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे सांगितले की, क्लबातील वरिष्ठांना दूर करावे असे त्यांना वाटत होते, परंतु क्लबाला कर्ज देणाऱ्या ट्रस्टकडे नकाराधिकार असल्याने ते होऊ शकले नाही. म्हणजे संस्थेची घटनाच अशी होती की निर्णय अडून राहावा. तक्रार निवारणाचा विचार करताना आपण समितीत कोण आहे एवढेच पाहतो. समितीचा निर्णय अमलात कोण आणणार, आणि त्याला कोण अडवू शकतो, हेही तितकेच पाहावयास हवे.

या बाबतीत आपल्या देशातील एका कायद्याचा उल्लेख करावासा वाटतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती सांगितली आहे, आणि तिच्यात एक सदस्य संस्थेबाहेरचा असलाच पाहिजे असे बंधन घातले आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करावी असेही त्यात आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर त्या समितीची नावे लावलेली असतात ती याच कायद्यामुळे. बाहेरचा एक माणूस आणि दिवसांची मर्यादा, या दोन साध्या गोष्टी यॉर्कशायरकडे असत्या तर एक वर्ष वाया गेले नसते.

तिसरा मुद्दा : आरोपीलाही न्याय हवा

येथपर्यंत वाचून असे वाटेल की, कडक कारवाई केली की काम झाले. पण प्रकरणाचा पुढचा भाग वेगळे सांगतो. नव्या अध्यक्षांनी काही गोष्टी चांगल्या केल्या. त्यांनी रफीक यांची क्षमा मागितली. त्यांच्याशी तडजोड करताना तोंड बंद ठेवण्याची अट घातली नाही. आणि इतरांना निर्भयपणे तक्रार करता यावी म्हणून चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा सुरू केली. परंतु ३ डिसेंबर २०२१ रोजी प्रशिक्षक वर्गातील व इतर अशा सोळा जणांना एकाच वेळी क्लबातून काढण्यात आले. कोणावर नेमका काय आरोप आहे, त्याचे उत्तर काय, याची रीतसर सुनावणी झाली नव्हती. जून २०२२ मध्ये रोजगार न्यायाधिकरणात त्यांच्यापैकी सहा जणांची बडतर्फी अन्याय्य ठरली.

ज्या क्लबाने आधी एकाचेही ऐकून घेतले नाही म्हणून नाव घालविले, त्यानेच नंतर सोळा जणांचे ऐकून न घेता निर्णय केला. आधी एकालाही शिक्षा नाही, मग सरसकट सर्वांना, या दोन टोकांचे मूळ एकच आहे. नियमित पद्धत नसली की संस्था आधी झाकते आणि मग घाबरून झोडपते.

याउलट मार्च २०२३ मध्ये क्रिकेट शिस्त आयोगापुढे जी सुनावणी झाली तिच्यात प्रत्येक आरोप वेगळा तपासला गेला. काही माजी खेळाडूंवरील आरोप सिद्ध झाले, तर एका माजी इंग्लिश कर्णधारावरील आरोप पुराव्याअभावी सिद्ध झाला नाही. तसा निकाल लागणे हेदेखील पद्धत खरी असल्याचे लक्षण आहे. क्लबाने स्वतःवरील आरोप मान्य केले. क्लबातील वर्णद्वेषी भाषेकडे दीर्घकाळ केलेले दुर्लक्ष आणि कागदपत्रे व ई-मेल नष्ट होणे यांचा त्यांत समावेश होता. जुलै २०२३ मध्ये क्लबाला चार लाख पौंड दंड झाला (त्यातील तीन लाख स्थगित) आणि परगण्यांच्या अजिंक्यपद स्पर्धेतील ४८ गुण कापण्यात आले.

चौथा मुद्दा : तक्रारदार धुतल्या तांदळासारखा असावा लागतो काय?

नोव्हेंबर २०२१ मध्येच आणखी एक गोष्ट उघड झाली. रफीक यांनी २०११ साली एका सहखेळाडूशी झालेल्या लेखी संभाषणात ज्यू लोकांविषयी हीन शब्द वापरले होते. अनेकांना आनंद झाला. ‘बघा, हाच तसा आहे’ असे म्हणावयास त्यांना निमित्त मिळाले. रफीक यांनी ते शब्द आपलेच असल्याचे मान्य करून ज्यू समाजाची जाहीर क्षमा मागितली, आणि २०२२ साली शिस्त आयोगाने त्याबद्दल त्यांना ताकीदही दिली.

मला यातील पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांची चूक वेगळी तपासली गेली, तिची वेगळी शिक्षा झाली, आणि त्यामुळे त्यांची मूळ तक्रार खोटी ठरली नाही. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याचे चारित्र्य, घराणे, आधीची भांडणे हे सारे आधी उकरले जाते. चोरी झालेल्या माणसाने पूर्वी कोणाला शिवी दिली होती म्हणून चोरी झालीच नाही असे होत नाही.

तक्रार केल्याची किंमतही रफीक यांनी मोजली. डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा समितीपुढे आले तेव्हा धमक्या व त्रास यांमुळे आपल्याला कुटुंबासह देश सोडावा लागल्याचे त्यांनी सांगितले. तक्रार ऐकून घेणे एवढ्यावर संस्थेचे कर्तव्य संपत नाही. तक्रारीनंतर त्या माणसाला सांभाळणे हाही त्याचाच भाग आहे.

आपल्याकडील एक जुनी तक्रार

यॉर्कशायरचे वाचून कोणी म्हणेल की गोऱ्यांचे गोऱ्यांपाशी. परंतु क्रिकेट संस्थेतील भेदभावाविरुद्धची तक्रार महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे. पळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ते चांभार समाजातील. पुण्याला खेळत असताना त्यांचा चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही.

१९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला देण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. ही तक्रार ऐकली गेली. लोकमताच्या रेट्याने बाळू परत आले, त्यांना उपकर्णधार करण्यात आले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असता काही काळ नेतृत्वही त्यांच्याकडे आले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने विजेतेपद मिळविले.

वंश आणि जात या दोन गोष्टी एकच आहेत असे माझे म्हणणे नाही. आपल्या मराठीत ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातील वर्णही; शब्द एक असला तरी इतिहास वेगळे आहेत. परंतु संस्थेचे वागणे दोन्हीकडे सारखे दिसते. माणसाचे कसब वापरायचे, मान द्यायचा नाही, आणि त्याने तक्रार केली की संस्थेची बदनामी झाली म्हणून ओरडायचे. फरक एवढाच की, पळवणकर बंधूंकडे तक्रार करण्याची कोणतीही रीत नव्हती. त्यांच्या हाती एकच उपाय होता. खेळणे सोडून देणे. ते थोर खेळाडू होते म्हणून त्यांचे सोडून जाणे जाणवले. साध्या खेळाडूने सोडले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला जे समजले ते महाविद्यालयाच्या जिमखान्याला, वसतिगृहाला, गावच्या मंडळाला लागू पडेल अशा रीतीने मांडतो.

१. तक्रार तोंडी असो वा लेखी, ती त्याच दिवशी तारखेसह नोंदवहीत लिहावी आणि तक्रारदाराला पोच द्यावी. तक्रार खरी की खोटी हे नोंद करताना ठरवू नये.

२. तक्रार ऐकणाऱ्यांत निदान एक व्यक्ती संस्थेबाहेरची असावी. आरोपीचा नातेवाईक, मित्र किंवा जुना सहकारी यांनी आपण होऊन बाजूला व्हावे.

३. चौकशीला दिवसांची मर्यादा असावी. उशीर झाला की पुरावा नाहीसा होतो आणि माणूस खचतो.

४. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप लेखी कळवावा, त्याचे ऐकावे, आणि प्रत्येक आरोपाचा निर्णय कारणांसह वेगळा द्यावा.

५. ‘गंमत केली’ हे उत्तर आल्यास ती गंमत कोणाच्या जिवावर झाली हे विचारावे.

६. निर्णय झाल्यावर तो अमलात आणण्याची जबाबदारी एका नेमक्या पदाधिकाऱ्यावर असावी, आणि तक्रारदाराला त्यानंतर त्रास होत नाही ना, याची विचारपूस काही महिने चालू ठेवावी.

यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. नोंदवहीला चाळीस-पन्नास रुपये लागतील तेवढेच. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचा नियम केला होता; अशा अधिकाऱ्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी फलकावर शोधून पाहिले आहे? आमच्या वर्गात मी विचारले तेव्हा अठ्ठावीस जणांपैकी कोणीही ‘हो’ म्हणाले नाही.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जून २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. त्या देशाच्या क्रिकेटमध्ये वंश, लिंग व वर्ग यांवरून होणारा भेदभाव खोलवर रुजलेला आहे असे त्याने स्पष्ट म्हटले आणि ४४ शिफारशी केल्या. खेळ चालविणारे आणि तक्रारी तपासणारे वेगळे असावेत, ही त्यांतील एक मोलाची शिफारस. दीडशे वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे ऐकून घ्यावे लागले, आणि त्यामुळे क्रिकेट बुडाले नाही.

माझा धाकटा भाऊ यंदापासून गावच्या त्याच मंडळाकडून खेळू लागला आहे. मंडळाची वार्षिक सभा दिवाळीनंतर असते. तिच्यापुढे वरील सहा कलमांचा ठराव मांडण्याचे मी व माझ्या दोन मित्रांनी ठरविले आहे. त्यावर सूचक म्हणून माझी आणि अनुमोदक म्हणून मित्रांची सही असेल. ठराव मंजूर होईलच असे नाही. परंतु इतिवृत्तात त्याची नोंद करावीच लागेल. प्राध्यापकवर्गाने व विद्यार्थिमित्रांनी या कलमांत काही उणे-अधिक सुचविल्यास त्याचा मला फार उपयोग होईल.